पाठीचा भार उतरवताना



मागच्या चातुर्मासात आमच्या गावात महाराज होते आणि त्या दिवशी चौका आमच्याकडे होता. पहाटे विहिरीचं पाणी शेंदलं, गाळलं, जिवाणी परत सोडली. भरलेली कळशी उचलायला वाकले आणि वर येताच येईना. कमरेत अशी उसण भरली की कळशी जाऊबाईंनी घेतली. पडगाहनाला सगळे दारात उभे, आणि मी आतल्या खोलीत भिंतीला धरून. आहार निरंतराय झाला असं कानावर आलं तेव्हा मला रडूच आलं. दुखण्यानं आलं की आपण त्यात नव्हतो म्हणून, ते आजही सांगता यायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "असातावेदनीयाचा उदय आहे गं. समतेनं सोस." सोसलं पंधरा दिवस. मान तर आधीपासूनच धरलेली होती. खाली मान घालून निवडणं, लाटणं, आणि उरलेल्या वेळात मोबाईल!

मग मोबाईलवरच एक व्हिडिओ सापडला. दांड्याला लोंबकळा, मणके मोकळे होतील. पुतण्यानं व्यायामाचा दांडा दाराच्या चौकटीत बसवलेलाच होता. "काकू, उंचीपण वाढेल," म्हणाला. लटकले. पाच-सात सेकंद खरंच बरं वाटलं. हात सुटायला लागले म्हणून खाली उडी टाकली, आणि टाचेतून जो झटका बसला तो थेट कमरेत. संध्याकाळपर्यंत दुखणं मांडीतून पोटरीपर्यंत उतरलं, पायाला मुंग्या.

तेव्हा कुठे आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट बाई. त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर! दोन मणक्यांमध्ये गादी असते, ती पाणी धरून ठेवते. दिवसभर उभं राहून, बसून ती दबते, थोडं पाणी बाहेर जातं. रात्री आडवं झालो की पुन्हा भरते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडी जास्तच असते. पण ती फुगलेली गादी सकाळी ताठ असते, आणि उठल्यावर पहिल्या तासाभरात कमरेतून खोल वाकलं तर तिच्यावर ताण जास्त येतो. आता आपली पहाट आठवा. अंथरूण काढणं, केर, बादली, विहीर, सगळं वाकूनच.

दुसरं त्यांनी सांगितलं की भार उतरवणं म्हणजे ओढणं नव्हे. ओढून गादी कायमची जागेवर बसते असंही नाही. काही वेळ आराम मिळतो, स्नायू सैल होतात, आणि त्या वेळात हळूहळू ताकद वाढवायची असते.

मी दुपारी करते, जेवण आटोपून तास-दीड तासानं. सतरंजीवर पाठ टेकून झोपायचं आणि पोटऱ्या खुर्चीवर किंवा दिवाणावर ठेवायच्या, गुडघे काटकोनात. पाच ते दहा मिनिटं. काही करायचं नाही, श्वास सोडत राहायचं. मला सगळ्यात जास्त गुण याचाच आला. मानेखाली टॉवेलची छोटी गुंडाळी. मग एकेक गुडघा हातांनी छातीकडे घ्यायचा, पंधरा-वीस सेकंद, झटका न देता. उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं आणि हाताच्या जोरावर उठायचं. हे मी आठवडाभर विसरत होते आणि रोज कमावलेलं रोज घालवत होते.

स्वयंपाकघरात ओट्याची कड दोन्ही हातांनी धरते, पाय मागे नेते आणि कुल्ले मागे सोडते. पाठ लांब होते, पाय मात्र जमिनीवरच. फरशी ओली नको. मानेसाठी ताठ बसून हनुवटी सरळ मागे न्यायची, मान खाली न घालता. पाच सेकंद, आठ-दहा वेळा. सामायिकाची ४८ मिनिटं मी आता भिंतीला टेकून, खाली उशी घेऊन बसते. पहिल्या दिवशी लाज वाटली. पण आधी माझं सगळं लक्ष कमरेतच असायचं, तेव्हा लाज वाटत नव्हती, याचं नवल वाटतं.

एक खूण नीट लक्षात ठेवा. व्यायामानं पायातलं दुखणं वर कमरेकडे गोळा होत असेल तर ते चांगलं, कमर थोडी जास्त दुखली तरी. उलट पायात किंवा हातात खाली उतरत असेल, मुंग्या वाढत असतील, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी इस्पितळ. तपश्चर्या संपू दे, पाहुणे जाऊ देत, असं करू नका. हाडं ठिसूळ असतील, मणका सरकलेला असेल, ऑपरेशन झालेलं असेल, दिवस गेलेले असतील, तर विचारल्याशिवाय यातलं काही नको. डोकं खाली करून लटकणं रक्तदाब, हृदयविकार आणि काचबिंदूवाल्यांना धोक्याचं. मानेला घरी वजन बांधू नका, आणि न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेण्याची घरातल्या पुरुषांची हौस आधी बंद करा. त्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. उपवासात रिकाम्या पोटी दुखण्याच्या गोळ्याही नकोत.

यंदा चौक्याला मी अर्धी कळशी आणते, दोन खेपा करते. आधी अंघोळ, थोडं चालणं, मग विहीर. वाकते ती गुडघ्यातून.

एका दुपारी मी अशीच दिवाणावर पाय टाकून पडले होते. सासूबाई दारात उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मलाही दुखतं गं. तुझं लग्न व्हायच्या आधीपासून." इतकी वर्षं एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. त्यांचं वय ७४, हाडांची तपासणी करून घेतली. गुडघा छातीकडे घेणं त्यांना मना आहे, नुसते पाय वर ठेवायला परवानगी. आता दिवाणाच्या एका टोकाला त्यांचे पाय, दुसऱ्या टोकाला माझे. त्या दोन मिनिटांत घोरायला लागतात, आणि चार वाजता चहाला मला उठवावं लागतं. "कुशीवर वळून उठा हं, आई," मी म्हणते. "ठाऊक आहे मला," म्हणतात आणि सरळच उठतात.