पाहाण्याचा संयम

शाळेंत कांद्याचा पापुद्रा रंगवून आम्हीं पेशी पाहिल्या. पण त्या निश्चल होत्या. जीवन पाहावयाचें तर तें आधीं संपवावें लागावें, हें आम्हांस नेहमींच खटकत आलें. इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात पोकळींत पेशी जगत नाहीं. साध्या प्रकाशांत ती जिवंत दिसते खरी. परंतु सुमारें २०० नॅनोमीटरांहून जवळचे दोन बिंदु एकमेकांत मिसळतात, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनीं १८७३ सालीं सिद्ध केली.

ती ओलांडण्याची एक युक्ति मोठी मार्मिक आहे. जेलिफिशसारख्या सागरी जीवांपासून लाभलेलें चकाकणारें प्रथिन पेशींतील प्रथिनांस जोडावयाचें, आणि सारे दिवे एकदम न पेटवितां थोडेथोडे पेटवून प्रत्येकाचें स्थान टिपावयाचें. एरिक बेत्झिग व त्यांचे मित्र हॅरल्ड हेस यांनीं असें यंत्र २००५ सालीं चक्क घराच्या दिवाणखान्यांत उभारलें! बेत्झिग, स्टेफान हेल व विल्यम मर्नर यांस २०१४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि, वाचकहो, तीव्र प्रकाशानें पेशी होरपळते. म्हणून बेत्झिग यांनींच पुढें प्रकाशाचा अतिशय पातळ पडदा योजून हा दाह पुष्कळ कमी केला. पाहाण्याच्या हव्यासापायीं पाहावयाची वस्तूच नष्ट होऊं नये, हा विवेक आम्हांस त्या पारितोषिकाहूनहि थोर वाटतो.