विद्या आणि तागडी

एरंडवण्यात ‘आर्यभट-पिंगल’ नावाची एक वास्तू आहे. संस्कृत शिकविण्यात जन्म घालविलेल्या मजसारख्या मास्तराचे पाय ती पाटी वाचून थबकावे, यात नवल ते काय! पिंगलाने लघु व गुरु या दोनच खुणांनी वृत्तांचे सारे प्रस्तार मांडले. संगणकाचा कारभारही दोनच खुणांवर चालतो. ही वास्तू संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या एका कंपनीची आहे, हे कळल्यावर कुतूहल अधिकच वाढले.

तिचे संस्थापक डॉ. आनंद देशपांडे. १९८४ साली खरगपूरच्या आय.आय.टी.तून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठाचे डॉक्टर झाले व ह्यूलेट-पॅकार्डच्या संशोधनशाळेत नोकरीस राहिले. ती सोडून १९९० साली त्यांनी पुण्यात ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ काढली. आज्ञावलीचे काम संपले तरी जी माहिती टिकून राहते, तिला त्या शास्त्रात हेच विशेषण लावतात. आपण तिला ‘अक्षर’ म्हणू! साधा टेलिफोन मिळण्यास वर्षानुवर्षे लागत, तो तो काळ. २०१० साली कंपनीचे भाग बाजारात आले. आज वीस हजारांहून अधिक माणसे तिच्यात काम करतात.

नेमक्या त्याच सुमारास माझा धाकटा बंधूही असाच बेत घेऊन मजपुढे उभा राहिला होता. “दादा, घर गहाण ठेवून दोन संगणक घेऊ या.” वडील नुकतेच निवर्तले होते, कर्तेपण माझ्याकडे आले होते. मी म्हणालो, “आपल्या घराण्यात कोणी तागडी धरली नाही.” त्याने पुन्हा शब्द काढला नाही. एका बँकेत नोकरी धरली, संसार नेटका केला, गेल्या वर्षी निवृत्त झाला. देशपांड्यांसारखे यश त्याला मिळतेच, असे मी म्हणत नाही. त्या धंद्यात बुडालेलेही पुष्कळ. घर जाईल ही माझी भीती खोटी नव्हती. परंतु मी भीती सांगितली नाही. सांगितली ती तागडी. आणि विद्या विकू नये म्हणणारा मी दरमहा पगार घेतच होतो!

गेल्या महिन्यात त्याचा मुलगा आला. “काका, नोकरी सोडून स्वतःचे काही काढावे म्हणतो. बाबा म्हणाले, आधी दादांना विचार.” बंधू दारातच उभा होता, मजकडे पाहत नव्हता. मी उठून कपाटातले घराचे कागद काढले आणि मुलाच्या हाती न देता बंधूच्या हाती दिले.