रंगवलेलीं तोंडें

परवां दुपारीं एक इंग्रजी नाटक वाचतांना मी इतक्या मोठ्यानें हंसलों कीं, शेजारच्या खोलींतून कन्येनें विचारलें, "बाबा, एवढं हंसण्यासारखं काय आहे?" मीं सांगावयास तोंड उघडलें, पण मला तें सांगवेना.

नाटकाचें नांव 'ॲन ऑक्टोरून'. ब्रँडन जेकब्स-जेंकिन्स या कृष्णवर्णी अमेरिकन नाटककाराचें हें नाटक २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या सोहो रेप नाट्यगृहांत प्रथम झालें. ऑक्टोरून म्हणजे जिच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकीं एकच कृष्णवर्णी, अशी स्त्री. आयरिश नाटककार बूसिको यानें १८५९ सालीं न्यूयॉर्कमध्येंच या विषयावर एक नाटक केलें होतें. त्यांतली झोई ही न्यायाधीशाची कन्या. पण आई गुलाम, म्हणून कायद्यानें तीहि गुलाम. लिलांवांत तिच्यावर बोली लागते आणि शेवटीं ती विष घेते. १८६१ सालीं लंडनच्या प्रेक्षकांना हें मरण रुचेना, तेव्हां बूसिकोनें शेवट बदलून गोड केला. (रसिकांना किती रडवावें, याचा हिशेब धंदेवाईक नाटककारास पाठच असतो!)

हेंच जुनें नाटक नव्या लेखकानें उकरून काढलें आहे. आरंभीं नाटककार स्वतःच पात्र होऊन, अंगावर केवळ अंतर्वस्त्रें अशा थाटांत प्रेक्षकांपुढें येतो. त्याचें गाऱ्हाणें एकच: मी काळा, म्हणून मीं कांहींहि लिहिलें तरी लोकांना त्यांत वर्णाचा प्रश्नच दिसतो! मळेवाल्या मालकांचीं कामें करावयास गोरे नट तयार होईनात, तेव्हां तो तोंडाला पांढरा रंग फासतो आणि नायक व खलनायक दोन्ही आपणच होतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं असलेला त्याचा मदतनीस काळें फासून गुलाम बनतो. गोरा बूसिको तांबडा रंग लावून मूळ रहिवासी! पुढें नायक-खलनायकांची झुंज लागते, ती एकाच नटाची स्वतःशीं. मी हंसलों तो येथें.

त्यानंतर मात्र पान उलटलें आणि हंसणें घशांतच राहिलें. जुन्या नाटकांत खुनाला वाचा फोडणारें एक छायाचित्र होतें. त्या काळीं कॅमेरा हीच मोठी नवलाई. ती आतां उरली नाहीं, म्हणून हा नाटककार मागच्या भिंतीवर जमावानें केलेल्या हत्येचें खरेंखुरें छायाचित्र दाखवितो.

मला एकाएकीं कॉलेजांतलें स्नेहसंमेलन आठवलें. 'ऑथेल्लो'मधला एक प्रवेश बसवावयाचा होता. नायकासाठीं कुणीं तरी आमच्या वर्गांतल्या सर्वांत काळ्या मुलाचें नांव सुचविलें. तालीम घेणारे गृहस्थ म्हणाले, "छान! काजळाचा खर्च वांचला!" सारी खोली हंसली. मीहि हंसलों. त्यानें काम फार सुरेख केलें. पण पुढें आमच्या कुठल्याच नाटकांत तो उभा राहिला नाहीं.

कन्या दाराशीं अजून उभीच होती. मीं तिला नाटकाऐवजीं हीच हकीकत सांगितली.

"आणि तो मुलगा?" तिनें विचारलें.

तो सर्वांच्या आधीं हंसला होता.