ओहीचे हात

योहाना श्पीरीची 'हायडी' (पहिला भाग १८८०, दुसरा १८८१) मुलांचं पुस्तक म्हणून ओळखली जाते. मला ती एका म्हाताऱ्याची कादंबरी वाटते.

स्वित्झर्लंडमध्ये माइनफेल्डच्या वरच्या डोंगरात, लाकडी झोपडीत तो एकटा राहतो. खालच्या गावात त्याला आल्म-ओही म्हणतात आणि भितात. तरुणपणी त्यानं वडिलोपार्जित शेतीवाडी जुगारात-दारूत घालवली, मग तो नेपल्सच्या फौजेत गेला. त्या काळी कितीतरी स्विस तरुण असे परक्या राजांच्या चाकरीत लढत. तिथं भांडणात त्याच्या हातून माणूस मेला, म्हणे. हे 'म्हणे' श्पीरी खरंही ठरवत नाही, खोटंही नाही. हा तिचा संयम मला फार मोलाचा वाटतो.

परतला तेव्हा सोबत मुलगा होता, तोबियास. बापानं त्याला सुतारकाम शिकायला घातलं. मुलगा गुणी निघाला, संसाराला लागला, आणि एका घराच्या बांधकामावर तुळई अंगावर पडून गेला. मागोमाग सूनही गेली. ही तुझ्याच पापांची शिक्षा, असं लोकांनी बापाला तोंडावर सुनावलं. त्यानंतर तो वर गेला आणि माणसांत येईनासा झाला. पोरगं मार्गी लागावं म्हणून जे काम शिकवलं, त्याच कामावर ते गेलं. या बापाचं काय झालं असेल, हे गावात कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे डेटे मावशी हायडीला, त्याच्या पाच वर्षांच्या नातीला, त्याच्या दारात सोडून निघून जाते. तो गहिवरत नाही. पोरीला बसायला काही नाही एवढं पाहतो आणि लाकूड तासून, भोकं पाडून तिच्या मापाची खुर्ची करतो. लाकडाला त्याचा हात लागतो तेव्हा मला तोबियास आठवल्याशिवाय राहत नाही. नंतर हायडी त्याला बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून दाखवते, तो चर्चमध्ये जातो, लोक हात मिळवतात. समेट म्हणून सगळे याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. माझ्या मते तो त्या खुर्चीपाशीच सुरू झाला होता.

दुसऱ्या भागात हायडीची चालता न येणारी मैत्रीण क्लारा डोंगरावर येते. तिला कसं उचलावं, कुठं आधार द्यावा, हे ओहीला नेमकं ठाऊक असतं. सिसिलीच्या लढाईत जायबंदी झालेल्या आपल्या कप्तानाची त्यानं अखेरपर्यंत शुश्रूषा केली होती. सुरुवातीला डेटे ओहीची सारी हकिकत सांगते, तिच्यात हे नाही.