चाकांवरच्या घराची डागडुजी

नाशिकला येणारा पाहुणा रामकुंडात पाय बुडवतो, काळारामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेत वाकून शिरतो आणि परतताना चिवडा व द्राक्षे बांधून घेतो. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला मायको सर्कल लागते, त्याला मात्र कोणी नमस्कार करीत नाही. माझ्या मते करायला हरकत नाही. बंगलोरला 1951 साली निघालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजेच मायकोने, पुढे सातपूरला कारखाना काढला आणि डिझेल इंजिनाची नोझले तिथे होऊ लागली. कंपनीचे नाव 2008 साली बॉश झाले. चौकाचे नाव बदलण्याची तसदी नाशिककरांनी घेतली नाही.

नोझल म्हणजे करंगळीएवढी वस्तू. हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक जोराने तिच्यातून डिझेल सुटते आणि त्याचे धुके होते. धुके झाले तर इंजिन गुण्यागोविंदाने चालते. थेंब गळू लागले की मागे काळा धूर आणि पुढे चालकाचे काळे तोंड! नोझल तपासणारा कारागीर पंपाचा दांडा हाताने दाबतो आणि कान देऊन बसतो. चांगले नोझल फवारताना चर्रकन बोलते. वाईट नोझल नुसते ओघळते. वैद्याने नाडी पाहावी तसा हा प्रकार आहे, आणि तो पाहण्यासाठी तिकीट पडत नाही.

एवढे ज्ञान मला झाले ते आमच्या मॅटाडोरमुळे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन आराखड्यावरून ही गाडी बनविली. (कंपनीचे नाव 2005 पासून फोर्स मोटर्स आहे. गाड्यांपेक्षा कंपन्यांचीच नावे लवकर झिजतात की काय, कोण जाणे.) आमची गाडी 1989 सालची. तिचे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने इथेच बनलेले, चार सिलिंडरचे. पूर्वीच्या मालकाने तिच्यात दोन फळ्या, एक ओटा, पंखा आणि दिवे बसवून तिचे घर केले होते.

ती घेण्याचे कारण आई. तिचे माहेर वणीचे. कंबरेच्या दुखण्यामुळे तासभरही बसवत नाही, त्यामुळे मोटारीने जाणे बंद झाले होते. “एकदा गडावर नेऊन आण रे,” असे ती दर नवरात्रात म्हणायची आणि पुढे स्वतःच, “पण नको, तुम्हाला त्रास,” अशी जोड द्यायची. मॅटाडोरचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागे जाणारा दांडा नसल्यामुळे तिची जमीन सपाट आणि बुटकी असते. म्हाताऱ्या माणसाला एका पावलात आत येता येते आणि आडवे होऊन जाता येते. मोठमोठ्या नव्या गाड्यांत ही सोय मला दिसली नाही.

पण आईला आत निजविण्यापूर्वी मी फळी उचलून पाहिली आणि अंगावर काटा आला. फळीखाली दिव्यांची बॅटरी. तिच्यातून निघालेली वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली, भोकाच्या धारेने तिचे कातडे सोलत आलेले, आणि वाटेत फ्यूज म्हणून काही नाही! तांबे पत्र्याला टेकले असते तर बॅटरीने सगळी ताकद त्या वायरीत ओतली असती आणि ती वायर शेगडीच्या तारेसारखी लाल झाली असती. वर गादी, गादीवर आई.

सौभाग्यवती म्हणाली, “अहो, हे सगळे काढूनच टाका ना!” काढूनच टाकले. द्वारकेजवळच्या एका वृद्ध इलेक्ट्रिशियन चाचांनी हिशेब शिकविला तो असा : सगळे दिवे आणि पंखा मिळून साठ वॅट; बॅटरी बारा व्होल्टची; म्हणजे पाच अँपिअर. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, फ्यूज दहा अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. “फ्यूज पंख्यासाठी नसतो काका,” ते म्हणाले, “वायरीसाठी असतो. पंखा जळाला तर दुसरा मिळेल.” भोकांत रबरी कडी बसविली. बॅटरी चालकाच्या मागे झाकणबंद पेटीत नेली आणि पेटीच्या माथ्यातून एक नळी बाहेर काढली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हलका असल्यामुळे वर साठतो, आणि एका ठिणगीची वाट पाहत बसतो.

सामान जमविताना शहराची वेगळीच यात्रा घडली. एके काळी अंबड-सातपूर लिंक रोडवर भंगार बाजार पसरला होता. 2017 साली महापालिकेने तो हटविला. आता एक काच इकडे, एक बिजागरी तिकडे, असे हिंडावे लागते. रेडिएटर तांब्या-पितळेचा होता आणि एका कोपऱ्यात पाझरत होता. नव्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरांना डाख लागत नाही, म्हणून डाख देणारी माणसेही कमी झाली आहेत. पण हे गाव तांबटांचे! जुन्या नाशकात ज्या हातांनी बंब आणि हंडे घडविले, त्यांच्या घराण्यातल्या एका गृहस्थाने तो कोपरा घासून, तापवून असा सांधला की जोड बोटाला लागू नये. पैसे घेताना मात्र ते संकोचले. “भांड्याचेच काम हे,” म्हणाले.

उरला शेवटचा हट्ट. थंडीच्या पहाटे इंजिन सुरू होईना. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवितात. ती गार असेल तर हीटर प्लग मदतीला लागतात. आमच्या गाडीत हे चार प्लग जुन्या पद्धतीने एकापुढे एक जोडलेले, दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. एक गेला की चारही आंधळे. मीटर लावून दोषी प्लग शोधला, तो तिसरा निघाला. तरीही स्टार्टर कण्हत होता. चाचांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली व किल्ली फिरवायला सांगितले. काटा दीड व्होल्टवर! अर्ध्याच्या वर जाता कामा नये. बॅटरी निर्दोष होती. इंजिनाला तिच्याशी जोडणारा पट्टा गंजाने भरला होता. बोल्ट सोडवून धातू चकाकेपर्यंत घासला, वर व्हॅसलीन चोपडले. पुढच्या किल्लीला इंजिन असे गरजले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरे उडाली. सौभाग्यवतीने गाडीला हळदकुंकू वाहिले. चाचांना फराळाचा डबा दिला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. दिंडोरीपर्यंत दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, छाटणी झालेले, नव्या फुटीचे. आई आडवी होऊन खिडकीतून पाहत होती आणि कोणाचा मळा कोणाचा होता ते सांगत होती. वणीत तिच्या वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. ती काही बोलली नाही. फक्त, “विहीर इथे होती,” म्हणून एका दुकानाकडे बोट दाखविले.

नांदुरीहून घाट सुरू होतो. दुसऱ्या गिअरमध्ये मॅटाडोर कुरकुरत चढली. मी आरशात धुराचा रंग आणि पुढे पाण्याच्या तापमानाचा काटा आळीपाळीने पाहत होतो. काटा मध्यावरच राहिला. गडावर 2018 पासून रुळांवरची फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न सुटला. अठरा हातांच्या त्या भव्य मूर्तीपुढे आई काठीवर भार देऊन उभी राहिली. किती वेळ, ते मी मोजले नाही.

रात्री मुक्काम गाडीतच केला. आईला फळीवर निजविले, दिवा मंद केला आणि मोठ्या अभिमानाने पंख्याचे बटण दाबले. पाती आवाज न करता फिरू लागली. मिनिटभराने अंधारातून आवाज आला, “अरे, तो पंखा बंद कर बाबा. गडावर थंडी असते.”