कोऱ्या रकान्याचा अर्थ

व्याकरण शिकवताना सर्वांत अवघड जातो तो शून्य प्रत्यय. ‘आंबा पिकला’ ह्या वाक्यात ‘आंबा’ कर्ता आहे. ‘मुलीने आंबा खाल्ला’ ह्यात तोच शब्द, तसाच प्रत्ययाविना, कर्म आहे. जे लिहिलेलेच नाही ते वाचायचे कसे, असा विद्यार्थ्यांचा रास्त प्रश्न असतो. हाच प्रश्न मला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला: आरपीजी ह्या जुन्या संगणकभाषेत. माझी धाकटी बहीण पुण्यात बसून आयबीएमच्या यंत्रांवर ह्याच भाषेतले जुने प्रोग्रॅम सांभाळते. तिच्या शेजारी बसून मी ते वाचायला शिकलो.

१९५९ च्या सुमारास जन्मलेली ही भाषा पंचकार्डांची. कार्डाला ऐंशी रकाने आणि प्रत्येक रकान्याला ठरलेले काम. १९९४ मध्ये तिची चौथी आवृत्ती आली, तेव्हा कार्डे कधीच कालबाह्य झाली होती. पण माहितीची व्याख्या करणारी ओळ रकान्यांतच बांधलेली राहिली. सहाव्या रकान्यात ‘डी’, सातव्यापासून एकविसाव्यापर्यंत नाव, तेहेतिसाव्यापासून लांबी, चाळिसाव्यात प्रकार, एकेचाळीस-बेचाळीसमध्ये दशांशस्थळे. अर्थ शब्दात नव्हे, जागेत.

खरी गंमत चाळिसाव्या रकान्याची. लांबी सात आणि दशांशस्थळे दोन लिहून तो कोरा सोडला, तर सुटी संख्या ‘पॅक्ड’ ठरते: एका बाइटात दोन अंक, एकूण चार बाइट. तीच ओळ एखाद्या डेटा स्ट्रक्चरच्या पोटात आली की ती ‘झोन्ड’ होते: दर अंकाला एक बाइट, एकूण सात. दशांशस्थळेही कोरी ठेवली, तर ती संख्याच नव्हे, सात अक्षरांचा मजकूर. कोरेपण एकच; अर्थ संदर्भाने तीन.

२०१३ मध्ये व्याख्या मुक्त रूपात लिहिण्याची सोय झाली. आता ‘पॅक्ड’ की ‘झोन्ड’ की ‘कॅर’, हे शब्दानेच सांगावे लागते. ‘मुक्त’ म्हटल्यावर आपल्याला मुक्तछंद आठवतो, बंधनातून सुटका आठवते. येथे घडते ते उलट: जागेचे बंधन गेले आणि उच्चाराचे आले. मौन बाळगण्याची मुभा संपली.

मला हे योग्य वाटते. मौनाला अर्थ असतो तो ते जाणणारा समाज असेतोवर. आणि ज्यांना कोरा रकाना सहज वाचता येई, ती पिढी निवृत्त होत आहे. मात्र जुन्याचे नवे करताना त्यांचीच गरज लागते. स्ट्रक्चरमधली कोरी जागा कोणी ‘पॅक्ड’ म्हणून उतरवली, तर तीन बाइट कमी भरतात आणि पुढचे प्रत्येक क्षेत्र तीन घरे सरकते. जुन्या फाइलीतला आकडा मग भलत्याच जागेवरून वाचला जातो. कंपायलर कुरकुरेलच असे नाही. त्याच्या दृष्टीने ओळ शुद्ध असते.

जुनी रूपे कंपायलर आजही स्वीकारतो. म्हणून घाई नाही, असे बहिणीच्या कचेरीत म्हटले जाते. मला वाटते, घाई आहे ती कोड बदलण्याची नव्हे; कोरे रकाने वाचता येणाऱ्यांकडून ते एकदा मोठ्याने वाचून घेण्याची.