ठेव आणि याद

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांतील हजारो संसार पाहता पाहता पाण्याखाली गेले. त्यानंतरच्या काळात पुण्यात ज्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येक घरांत पुरातून वाचलेली भांडी आणि उन्हात वाळवून पुन्हा वापरात आणलेल्या पेट्या यांनीच प्रथम प्रवेश केला. त्या इमारती आता जीर्ण झाल्या असून त्यांच्या पुनर्विकासाचे करारनामे होत आहेत. सभासदांना पर्यायी निवासाचे भाडे मिळते, आणि नवी वास्तू उभी राहीपर्यंतच्या मुदतीत, भाड्याच्या दोन खोल्यांत न मावणारे सामान शहराबाहेरच्या एखाद्या गोदामात, मासिक भाडे ठरवून, कुलपात ठेवण्याचा प्रघात मध्यमवर्गात रूढ होत आहे. आमच्या संस्थेतील कुटुंबांनीही तोच मार्ग पत्करला, आणि त्यात आम्हीही होतो.

वाड्यात राहणाऱ्या पिढीला ही गरज सहसा भासली नाही. माळा, तळघर, बळद आणि फडताळ असे अडगळीचे सारे आश्रय घराच्या पोटातच होते. वस्तू नजरेआड झाली तरी एका जिन्याच्या अंतरावर असे, आणि सणावारी कोणीतरी वर चढून ती काढीतच असे.

ठेव ठेवण्याचा व्यवहार मात्र आपल्याकडे फार पुरातन आहे. मनुस्मृतीने गणलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतरचे दुसरेच स्थान निक्षेपाला आहे. याज्ञवल्क्याने तर उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण रचून असा निर्णय दिला आहे की, पेटीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता, जे द्रव्य दुसऱ्याच्या हाती सोपविले जाते ते जसेच्या तसे परत केले पाहिजे. मात्र राजाने, दैवाने अथवा चोराने ते हरण केले असल्यास ठेव घेणाऱ्यावर भरपाईचे दायित्व नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १५१ वे कलमही ठेव घेणाऱ्याकडून इतकीच अपेक्षा करते की, सामान्य विवेकाचा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल, तितकी त्याने परक्याच्या मालाची घ्यावी. आजच्या भाड्याच्या खोलीत याहून निराळा प्रकार आढळतो. तेथे कुलूप आपले, किल्ली आपली. गोदामाचा मालक मालाचा ताबा घेत नसून केवळ जागा वापरावयास देत आहे, असे अनेक करारनाम्यांत स्पष्ट नमूद असते, आणि मग जतनाचा भार व विम्याची तजवीज ही दोन्ही ठेवणाऱ्याच्याच माथी येतात. सही करण्यापूर्वी ही बाब नीट वाचावी.

जतनाचे काम वाटते तितके सुलभ नाही. पावसाळ्यातील दमट हवा बंद खोलीत कोंडली म्हणजे लाकूड फुगते, कापसाच्या गाद्यांना बुरशी येते, पितळ काळवंडते आणि तांब्यावर जंगाल चढतो. जुने सागवान वाळवीला सहसा दाद देत नाही, परंतु अलीकडचे हलके कपाट तिला बळी पडते. म्हणून जाणती माणसे सामान फरशीला टेकू देत नाहीत, भिंतीपासून ते थोडे दूर ठेवतात आणि फ्रीजचे दार किंचित उघडे राहील अशी व्यवस्था करतात. घर नांदते असते तेव्हा यांतले बहुतेक कोणी मुद्दाम करीत नाही. रोज दारे उघडतात, वारा खेळतो, चिंचेने तांबे घासले जाते, दिवाळीपूर्वी गाद्यांना ऊन दाखविले जाते, आणि या नित्याच्या हालचालीतूनच वस्तूंचे आयुष्य वाढत असते. उपयोग हेच त्यांचे खरे संरक्षण होय, आणि गोदामात नेमके तेच त्यांना लाभत नाही.

सामान हलविण्याच्या दिवशी नेणाऱ्या माणसांनी जिन्नसवार याद केली. आई खुर्चीवर बसून ती ऐकत होती. ‘घंगाळ, तांब्याचे, पोचा पडलेले, नग एक,’ असे लिहिणाऱ्या तरुणाने मोठ्याने वाचले. त्याच्या कामाच्या दृष्टीने ते सर्वथा योग्यच होते, कारण पोचा पूर्वीचा की वाटेतला असा वाद पुढे उद्भवता कामा नये.

‘तो पोचा पुराचा आहे, बाळ,’ आई म्हणाली. ‘तुझ्या कागदात जागा असली तर तेवढे लिही.’

‘कुठल्या पुराचा, आजी?’

तेव्हा आईने सांगितले, की शनिवार पेठेतल्या घरातील गाळ उपसताना तिच्या सासूबाईंच्या फावड्याचा घाव त्या घंगाळावर बसला, आणि गाळाखाली आपल्या संसारातले काही शिल्लक आहे हे सर्वांना त्या आवाजानेच प्रथम कळले. इतकी वर्षे त्या घंगाळातले पाणी अंगावर घेऊनही ही हकीकत मी कधी ऐकली नव्हती.

गाडी थांबवून ठेवून मी दुसरी याद लिहावयास बसलो. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. देणाऱ्याचे नाव आणि कधी कधी तिथीही धातूवर कोरलेली असते. परंतु आमच्या पितळी डब्यांवरील कित्येक नावे कोणाची, हे आईखेरीज कोणालाच सांगता येत नव्हते. एक डबा बाळंतपणात दोन महिने येऊन राहिलेल्या शेजारणीचा निघाला, एक तिच्या शाळेतल्या बाईंनी लग्नात दिलेला. ज्या वस्तूंविषयी तिला सांगण्यासारखे काही आठवले नाही, त्या मात्र तिने गोदामात जाऊ दिल्या नाहीत. एक कपाट, दोन टेबले आणि बरीचशी स्टीलची भांडी तिने त्याच दुपारी गरजूंना देऊन टाकली. काय ठेवावे आणि काय सोडावे याचा इतका निःसंदिग्ध निकष मला अन्यत्र कोठे भेटलेला नाही. वस्तूची लांबी-रुंदी, किंमत अथवा वय पाहून हा निर्णय करू गेल्यास माणूस दिवसचे दिवस घुटमळत राहतो आणि अखेरीस सगळेच कुलपात टाकतो.

कायद्याने आणि शास्त्राने वस्तू जशीच्या तशी परत मिळण्याची हमी मागितली, ती मागणी रास्तच आहे. पण गोदामातून सुखरूप परत आलेले घंगाळ हातात घेऊन, हा पोचा काढून टाकावा काय, असे नातवाने विचारले, तर त्याला उत्तर कोण देणार, याची तजवीज कोणत्याही करारनाम्यात असू शकत नाही. ती घरच्यांनीच केली पाहिजे. पुनर्विकासाची मुदत कागदावर दोन-तीन वर्षांची असते आणि प्रत्यक्षात ती पुष्कळदा लांबते. घरातील वृद्धांच्या आयुष्यात हा काळ अल्प नव्हे. म्हणून ज्यांच्या संस्थेचे करारनामे होऊ घातले आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, गोदामाचे दर विचारण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसावे, प्रत्येक वस्तू त्यांच्यापुढे ठेवावी, ती कोणाची, कोठून आली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि त्या वहीची एक प्रत सामानाबरोबर कुलपात न ठेवता आपल्यापाशी ठेवावी.